आधी अर्ज, मग पोस्टर: तेल्यावरच्या जिवाणूंचं पेटंट घ्यायचं असेल तर

प्रश्न: मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते आहे. सांगोला तालुक्यातल्या डाळिंब बागांच्या मातीतून मी काही जिवाणू वेगळे केले. त्यातला एक बॅसिलस आणि एक स्यूडोमोनस एकत्र दिले तर कुंडीतल्या रोपांवर तेल्या (डाळिंबावरचा जिवाणूजन्य डागांचा रोग) बराच कमी येतो. एकेकटे दिले तर तेवढा फरक पडत नाही. पाच आठवड्यांनी एक राष्ट्रीय परिषद आहे, तिथे पोस्टरसाठी अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवलाय. पेपरचा मसुदाही तयार आहे. गाईड म्हणतात, ‘आधी पेपर होऊ दे, पेटंटला वर्षभराची सवलत असतेच.’ पुढच्या महिन्यात दोन शेतकऱ्यांच्या बागेत चाचणी ठरली आहे. गाईड त्यात निंबोळी अर्क मिसळून बघ असंही सुचवतात. नाशिकची एक जैविक कीडनाशक कंपनी कल्चर मागते आहे. विभागप्रमुखांना अर्जात स्वतःचंही नाव हवं आहे. पेटंट मिळेल का? खर्च किती? आणि सुरुवात कुठून करू?
— एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर: पोस्टर, पेपर, बागेतली चाचणी आणि कंपनीला कल्चर देणं, या चारही गोष्टी आज जिथे आहेत तिथेच थांबवा. पेटंट कार्यालयाकडून अर्जाचा क्रमांक हाती आला की त्या एकेक करून पुढे नेता येतील. पाच आठवडे पुरू शकतात, पण सुरुवात अर्ज लिहिण्यापासून करू नका. पहिला फोन पुण्याच्या कल्चर संग्रहाला, म्हणजे सूक्ष्मजीव जिवंत जपून ठेवणाऱ्या संस्थेला, करा. त्याचं कारण पुढे सविस्तर सांगतो.

आधी ‘वर्षभराच्या सवलती’बद्दल, कारण सगळी गडबड तिथून सुरू होते. अर्जाआधी जाहीर झालेला शोध नवा धरला जात नाही आणि पेटंट हुकतं. त्यातून सूट देणारी ही सवलत आपल्या पेटंट कायद्याच्या ३१व्या कलमात आहे, पण ती बरीच अरुंद आहे. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात शोध मांडला, किंवा संशोधकाने एखाद्या विद्वत्संस्थेपुढे निबंध वाचला, किंवा त्या संस्थेच्या कार्यवृत्तात तो छापून आला, तर त्यानंतर १२ महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. २०२४च्या नियमांपासून त्यासाठी फॉर्म ३१ वेगळा भरावा लागतो. खासगी प्रकाशकाच्या जर्नलमधला पेपर, प्रीप्रिंट किंवा परिषदेच्या वेबसाइटवर चढवलेला अ‍ॅबस्ट्रॅक्ट या कलमात बसेल असं गृहीत धरू नका. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रकाशनानंतर पूर्ण वर्ष मिळतं. युरोपात मात्र स्वतःचं प्रकाशनसुद्धा स्वतःच्याच विरोधात जातं. तिथली सहा महिन्यांची सवलत कुणी विश्वासघाताने माहिती फोडली तर, किंवा काही ठरावीक आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांसाठी आहे. डाळिंबाचे जागतिक बाजार बघता युरोपचा दरवाजा आजच बंद करून घेणं शहाणपणाचं नाही.

‘पोस्टर म्हणजे काही प्रकाशन नव्हे’ असं सर्रास ऐकू येतं. अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २००४ मध्ये क्लोपफेनस्टाइन प्रकरणात याच्या उलट निकाल दिला. सोयाबीनच्या तंतूंवरचं ते संशोधन १९९८ मध्ये एका परिषदेत अडीच दिवस आणि नंतर एका विद्यापीठात दिवसभरापेक्षा कमी वेळ फलकावर लावलं होतं. प्रती वाटल्या नव्हत्या, ग्रंथालयात नोंद नव्हती. तरी ते प्रकाशनच ठरलं, कारण बघणाऱ्यांना टिपून घ्यायला मज्जाव नव्हता आणि गुप्ततेची कुठलीही अट घातलेली नव्हती. आज तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल कॅमेरा असतो.

जनुकीय तंत्रज्ञानाचा पायाच मानलं गेलेलं कोहेन–बॉयर पेटंट याच कारणाने अमेरिकेपुरतं राहिलं. पेपर नोव्हेंबर १९७३ मध्ये छापून आला. स्टॅनफर्ड विद्यापीठाने अर्ज ४ नोव्हेंबर १९७४ला, म्हणजे अमेरिकेतली वर्षाची मुदत संपायला काही दिवस उरले असताना केला. अमेरिकेत पेटंट मिळालं आणि परवान्यांतून सुमारे २५ कोटी डॉलर आले. बाहेरच्या देशांत अर्ज करण्याची संधी मात्र पेपर छापला त्याच दिवशी गेलेली होती.

आता तुमचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट. तो आयोजकांकडे नुसता पोचला असेल तर अजून काही बिघडलेलं नाही. पण बऱ्याच परिषदा स्मरणिकेची पीडीएफ दहा-पंधरा दिवस आधीच वेबसाइटवर टाकतात, आणि मग ती टाकल्याचा दिवस मोजला जातो, परिषदेचा नव्हे. म्हणून आजच आयोजकांना ईमेल करून दोन गोष्टी विचारा: अ‍ॅबस्ट्रॅक्ट ऑनलाइन कधी जाणार, आणि मजकूर बदलून चालेल का. अर्ज त्याआधी होत नसेल तर मजकूर बदलाच. मात्र ‘मिश्रणाचं सांगत नाही, दोन्ही जिवाणूंचे वेगवेगळे निकाल दाखवते’ असा मधला मार्ग काढू नका. हा जिवाणू तेल्याला रोखतो आणि तोही रोखतो, हे एकदा तुमच्याच पोस्टरवर आलं की पेटंट कार्यालयाचा परीक्षक म्हणेल, दोन्ही मिसळून बघणं हे कुणालाही सुचलं असतं. दाखवायचंच असेल तर किती बागांतून किती नमुने घेतले, कोणत्या माध्यमावर वाढवले, किती आयसोलेट (वेगळे केलेले जिवाणू) मिळाले, एवढंच दाखवा आणि आयसोलेटना सांकेतिक क्रमांक द्या.

शेतकऱ्यांच्या बागेतली चाचणी हीसुद्धा जाहीर वापर ठरू शकते, आणि याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. कडुनिंबाच्या तेलापासून बनवलेल्या बुरशीनाशकावर एका अमेरिकी कंपनीला आणि तिथल्या कृषी खात्याला युरोपीय पेटंट मिळालं होतं. ते २०००मध्ये रद्द झालं आणि २००५ मध्ये त्यावरचं अपीलही फेटाळलं गेलं. त्या वादात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५-८६ मध्ये शेतांवर उघडपणे झालेल्या चाचण्यांची साक्ष पुढे आली होती. तेव्हा उघड चाचणीने दुसऱ्याचं पेटंट पडायला मदत झाली. तुमच्या उघड चाचणीने तुमचंच पडू शकतं. भारतीय कायद्याच्या ३२व्या कलमात वाजवी चाचणीसाठी थोडी मोकळीक आहे, युरोपात ती नाही. अर्ज होईपर्यंत चाचणी महाविद्यालयाच्या कुंपणातल्या कुंड्यांवरच करा. अर्जानंतर बागेत गेलात तरी शेतकऱ्यांकडून मराठीत एक साधं संमतिपत्र घ्या: पदार्थ दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, उरलेला परत करायचा.

निंबोळी अर्क मिसळण्याची कल्पना पेटंटच्या दृष्टीने सोडून द्यावी असं आमचं मत आहे. कीड-रोगांसाठी निंबोळी ही आपल्याकडची जुनी माहिती आहे. पेटंट कायद्याचं कलम ३(प) पारंपरिक ज्ञानावरच्या दाव्याला (अर्जात ज्यावर हक्क मागता त्या मजकुराला) आडवं येतं, आणि अर्कामुळे तुमचे जिवाणूच मेले तर चाचणीचा अर्थच लागणार नाही. तो वेगळा प्रयोग म्हणून नंतर करा.

पेटंट मिळेल का, याचं उत्तर तुम्ही मागता काय यावर आहे. मातीतून वेगळा केलेला जिवाणू, जसा निसर्गात होता तसाच, भारतात पेटंटला पात्र धरला जात नाही. कलम ३(सी) त्याला शोध न मानता नुसतं आढळणं मानतं. वनस्पती, प्राणी आणि त्यांचे भाग ३(ज)मध्ये वगळताना सूक्ष्मजीवांना अपवाद दिला आहे खरा, पण त्याचा फायदा मुख्यतः माणसाने बदल घडवलेल्या सूक्ष्मजीवांना होतो. अमेरिकेत १९८०मध्ये आनंद चक्रवर्ती यांच्या तेल पचवणाऱ्या जिवाणूला सर्वोच्च न्यायालयाने पेटंटला पात्र ठरवलं तेही तो निसर्गात तसा सापडत नव्हता म्हणूनच. ‘डाळिंबावर अमुक मिश्रण फवारून तेल्या आटोक्यात आणण्याची पद्धत’ असा दावा लिहिलात तर शेती-बागायतीच्या पद्धती वगळणारं ३(ह) पुढे येईल. त्या कलमाची हद्द नेमकी कुठे, यावर वाद होत असतात. तरी पहिला दावा त्यावर टेकवू नका. वर्णनात मात्र फवारणीची पद्धत पूर्ण लिहा, कारण परदेशात तिच्यावर दावा करता येतो.

तुमच्यासाठी उरतो तो मिश्रणाचा दावा आणि ते बनवण्याच्या प्रक्रियेचा दावा. मिश्रणावर ३(ई)ची नजर असते: घटकांच्या गुणांची नुसती बेरीज असेल तर पेटंट नाही. एकत्र दिल्यावर बेरजेपेक्षा जास्त काहीतरी घडलं पाहिजे, आणि ते आकड्यांत दिसलं पाहिजे. जीवशास्त्रातले कितीतरी भारतीय अर्ज इथेच अडतात. परिणाम खरा असतो, पण प्रयोगाची मांडणी तो सिद्ध करायला पुरी पडत नाही.

नेहमी होणारी चूक अशी. बॅसिलस एकटा दिला मिलिलिटरला १० कोटी पेशी, स्यूडोमोनस एकटा दिला १० कोटी, आणि मिश्रणात दोन्ही १०-१० कोटी. म्हणजे मिश्रणात एकूण मात्रा दुप्पट झाली. परीक्षक पहिल्या वाचनात विचारतो की जास्त परिणाम मिश्रणाचा की दुप्पट मात्रेचा. एकूण मात्रा सारखी ठेवा: एकेकटे १० कोटी, मिश्रणात ५-५ कोटी. शिवाय १:१ बरोबर १:२, २:१, १:४ आणि ४:१ ही प्रमाणंही लावा. नुसत्या पाण्याचा, नुसत्या वाहक पदार्थाचा आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडचा असे तीन तुलनागट हवेत. रोगकारक झॅन्थोमोनसचा फवारा सगळ्या रोपांवर एकाच दिवशी, एकाच सांद्रतेचा असू द्या. पानांवरच्या डागांचं मोजमाप करणाऱ्याला कुंडी कोणत्या गटातली आहे हे माहीत नसावं. हा सगळा प्रयोग वेगवेगळ्या वेळी निदान तीनदा करा. एकाच वेळच्या तीन ओळी म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

मग कोल्बीचं सूत्र लावा. दोघांचे एकेकटे परिणाम बेरजेत घ्या आणि त्यांच्या गुणाकाराला १०० ने भागून वजा करा. उदाहरणापुरते आकडे घेऊ: बॅसिलसने रोग ३० टक्के कमी झाला, स्यूडोमोनसने ४० टक्के. अपेक्षित एकत्र परिणाम ३० अधिक ४० वजा १२, म्हणजे ५८ टक्के. प्रत्यक्षात ७५ मिळाले आणि फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला तर तुमच्या हातात पेटंटचं बळ आहे. ६० मिळाले तर नाही, आणि ते आज कळलेलं बरं. हा तक्ता अर्जात जसाच्या तसा घाला. तुमच्या जुन्या नोंदींमध्ये मात्रा दुप्पट झालेली असेल तर एक फेरी पुन्हा लावावी लागेल. रोपं तयार असतील तर तेवढी एक फेरी पाच आठवड्यांत बसू शकते. उरलेल्या फेऱ्या वर्षभरात कम्प्लीट अर्जासाठी, म्हणजे पहिल्या तात्पुरत्या अर्जानंतरच्या पूर्ण अर्जासाठी, करता येतील.

जैविक नियंत्रणासाठी बॅसिलस आणि स्यूडोमोनस एकत्र वापरण्यावर जगभर भरपूर लिखाण आहे. नुसती ही जोडी नवी ठरणार नाही. तुमची ताकद विशिष्ट स्ट्रेन (जिवाणूचा नेमका वाण), विशिष्ट प्रमाण आणि अनपेक्षित परिणाम यांत आहे. आणखी एका ठिकाणी बघाच. बॅसिलस बीजाणू करतो, त्यामुळे टाल्कच्या पुडीत महिनोन् महिने टिकतो. स्यूडोमोनस बीजाणू करत नाही आणि कोरडेपणात भराभर मरतो. म्हणजे आज १:१ भरलेली पुडी तीन महिन्यांनी १:१ राहणार नाही. तुम्ही वाहक, ओलाव्याचं प्रमाण, संरक्षक पदार्थ किंवा दोन कप्प्यांची पिशवी यांतून दोघांना जिवंत ठेवण्याची युक्ती शोधलीत तर तो दावा स्ट्रेनच्या दाव्यापेक्षा भक्कम होईल. कंपनीलाही खरी गरज त्याचीच आहे. दर १५ दिवसांनी पुडीतल्या दोन्ही जिवाणूंची स्वतंत्र मोजणी आजपासूनच सुरू करा. स्यूडोमोनससाठी किंग्ज बी माध्यम, आणि बॅसिलसच्या बीजाणूंसाठी नमुना ८० अंशांवर १० मिनिटं तापवून.

आता तो पुण्याचा फोन. जो सूक्ष्मजीव शब्दांत पुरेसा वर्णन करता येत नाही आणि लोकांना उपलब्धही नाही, तो बुडापेस्ट या आंतरराष्ट्रीय करारान्वये मान्य असलेल्या संग्रहात ठेवावा लागतो, आणि तोही भारतातला अर्ज दाखल करण्याच्या दिवसापर्यंत. आपल्याकडे असे मान्य संग्रह (त्यांना आयडीए म्हणतात) चंडीगडला एमटीसीसी, पुण्यात एनसीसीएस या संस्थेचं नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स आणि उत्तर प्रदेशात मऊ इथे आहेत. तुम्हाला पुणं जवळ. पण तिथे ‘जनरल डिपॉझिट’ वेगळं आणि पेटंटसाठीचं ‘आयडीए डिपॉझिट’ वेगळं. पेपरसाठी विद्यार्थी जनरल डिपॉझिट करतात, मिळालेला क्रमांक अर्जात लिहितात आणि परीक्षणात फसतात. जनरल डिपॉझिटमधलं कल्चर कुणीही मागवू शकतं, म्हणजे उलट ते लोकांना खुलंच होतं. तुम्ही बीपी/१ हा फॉर्म भरा. स्वीकाराची पावती बीपी/४ आणि जिवंत असल्याचा दाखला बीपी/९ या नमुन्यात मिळतो. दोन्ही जिवाणूंची स्वतंत्र डिपॉझिट लागतील. संग्रह शुद्धता आणि वाढ तपासूनच स्वीकारतो, त्यामुळे वेळ जातो, आणि कल्चर मिश्र निघालं तर सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून हे काम पहिलं. क्रमांकाचा उल्लेख अर्जानंतर तीन महिन्यांच्या आत जोडता येतो, पण डिपॉझिट स्वतः मागाहून केलेलं चालत नाही.

पाठवण्याआधी ओळख नक्की करा. नुसत्या १६एस क्रमावर (जिवाणू ओळखण्यासाठी वाचतात त्या एका जनुकाच्या क्रमावर) विसंबू नका. स्यूडोमोनस जर एरुजिनोसा निघाला तर तो माणसाला संसर्ग करणारा आहे. कोणतीही कंपनी त्याला हात लावणार नाही आणि कीडनाशक म्हणून नोंदणीही होणार नाही. बॅसिलसमध्ये सेरियस गटातल्या प्रजाती १६एसने वेगळ्या ओळखताच येत नाहीत. संपूर्ण जीनोम वाचून घेणं आता आवाक्यात आहे, ते करा. जेनबँक या जनुकक्रमांच्या खुल्या भांडारात क्रम देताना प्रसिद्धीची तारीख पुढची टाका, ती सोय तिथे आहे.

जैवविविधता कायदा विसरू नका. मातीतला जिवाणू हाही जैविक संसाधनच. १ एप्रिल २०२४पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार भारतीय अर्जदाराने पेटंट मंजूर होण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करायची, आणि उत्पादन बाजारात आणताना त्यांची मंजुरी घ्यायची. विदेशी नियंत्रणाखालच्या कंपनीला मात्र संसाधन वापरण्यापासूनच परवानगी लागते. म्हणून नाशिकच्या कंपनीत नियंत्रण कुणाचं आहे हे आधीच विचारा. अर्जात जिवाणूचा स्रोत आणि ठिकाण खरं लिहा: गाव, तालुका, नमुना घेतल्याची तारीख, जमलं तर अक्षांश-रेखांश. स्रोत लपवला किंवा चुकीचा लिहिला तर त्यावर हरकत घेता येते आणि मिळालेलं पेटंटही रद्द होऊ शकतं.

पहिला अर्ज प्रोव्हिजनल (तात्पुरता) करा, पण तो अंगाने भरलेला हवा. पेपरच्या सारांशाला फॉर्म २ (शोधाच्या वर्णनाचा फॉर्म) जोडून पाठवण्याची पद्धत घातक आहे. वर्षभराने कम्प्लीट अर्जात तुम्ही जे मागाल त्याला आजची तारीख तेव्हाच मिळते जेव्हा ते आजच्या मजकुरात आहे. आज ‘१:१’ एवढंच लिहिलं आणि नंतर ‘१:४ ते ४:१’ मागितलं, तर वाढीव भागाला नंतरची तारीख लागते. आणि मधल्या काळात तुमचंच पोस्टर झालेलं असतं. म्हणून प्रमाणांचे पल्ले, मात्रेचे पल्ले, पर्यायी वाहक, माध्यमाची घटकवार यादी, किण्वनाचं तापमान आणि तास, वाळवण्याची रीत, तक्ते, सगळं आजच घाला. शोधाशोध मात्र त्याआधी: एस्पेसनेट, पेटंटस्कोप आणि भारतीय इनपास या पेटंट शोधण्याच्या संकेतस्थळांवर ए०१एन ६३ आणि सी१२एन १/२० या पेटंट-वर्गांत दोन दिवस बसा, आणि सोलापूरच्याच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची तेल्यावरची प्रकाशनं बारकाईने वाचा.

सरकारी खर्च लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी आहे. शैक्षणिक संस्था अर्जदार असेल आणि सवलतीच्या फीसाठीचा फॉर्म २८ जोडला तर ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये. ३० पानांपुढे प्रत्येक पानाला १६० आणि १० दाव्यांपुढे प्रत्येक दाव्याला ३२० रुपये. परीक्षणाची विनंती ४,००० रुपये, ती पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत करायची. विसरली तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो. शासनाच्या कायद्याने स्थापन झालेलं राज्य विद्यापीठ, किंवा स्वतःच्या नावाने अर्ज करणारी स्त्री अर्जदार असेल तर जलद परीक्षण मागता येतं: फॉर्म १८ए ८,००० आणि लवकर प्रसिद्धीचा फॉर्म ९ २,५०० रुपये. स्टार्टअप किंवा लघु उद्योग नसलेली कंपनी सहअर्जदार झाली की मूळ फी ८,००० आणि बाकीचंही त्या पटीत. खरा खर्च पेटंट एजंटचा. पैसे कमी असतील तर बाकीचं स्वतः करा, पण दावे एजंटकडूनच लिहून घ्या. अर्ज महाराष्ट्रासाठी मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतो आणि ऑनलाइनच करता येतो. सहीसाठी डिजिटल प्रमाणपत्र आधी काढून ठेवा.

नावांचा प्रश्न नाजूक आहे, तरी स्पष्ट सांगतो. पेपरचा लेखक आणि पेटंटचा संशोधक हे वेगळे. ज्याने कल्पना मांडली किंवा ती प्रत्यक्षात आणणारा निर्णायक बौद्धिक भाग दिला तो संशोधक. तुम्ही नक्की. गाईडनी हे दोन जिवाणू एकत्र लावायला किंवा प्रमाण बदलायला सुचवलं असेल तर तेही. प्लेटा मोजणारा सहायक नाही, आणि केवळ पद म्हणून विभागप्रमुखही नाहीत. चुकीचं नाव घातल्याने किंवा गाळल्याने पुढे वाद होतो आणि कंपनी करार करायला कचरते. विभागप्रमुखांशी बोलताना कायद्यावर बोट ठेवण्याऐवजी सगळ्यांच्या योगदानाचा एक पानाचा तक्ता करा: कल्पना कुणाची, तारीख, प्रयोगवहीचं पान. तक्ता समोर असला की बोलणं सोपं होतं. त्यांचे आभार पेपरमध्ये जरूर माना.

मालकी कुणाची, हे भारतीय पेटंट कायदा नोकरदार किंवा विद्यार्थ्याच्या बाबतीत आपणहून ठरवत नाही. प्रवेशाच्या वेळी सही केलेलं हमीपत्र, विद्यापीठाचं बौद्धिक संपदा धोरण आणि फेलोशिपच्या अटी काढून वाचा. संस्था अर्जदार होणार असेल तर संशोधकांचं हस्तांतरपत्र लागतं, आणि त्यात परवाना-उत्पन्नातला तुमचा वाटा लिहून घ्या. कंपनीला सहमालक करू नका. सहमालकीत एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही, म्हणजे उद्या दुसरी चांगली कंपनी आली तरी तुमचे हात बांधलेले. परवाना द्या, मालकी नको.

कंपनीला आज ‘अर्ज प्रक्रियेत आहे, दोन महिन्यांनी बोलू’ एवढंच कळवा. अर्जानंतर आधी गोपनीयता करार, मग साहित्य हस्तांतर करार, आणि त्यावर सही संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची. तुमची एकटीची सही संस्थेला बांधत नाही. ‘कल्चर नको, नुसती टाल्कची पुडी पाठवा’ असं सांगितलं तरी फसू नका. चिमूटभर पुडी पाण्यात ढवळून एका प्लेटवर रेघ ओढली की दुसऱ्या दिवशी तुमचे जिवाणू त्यांच्या हातात. म्हणून करारात जिवाणू वेगळे करणं, वाढवणं, जीनोम वाचणं, तिसऱ्याला देणं आणि त्यावर अर्ज करणं या पाचही गोष्टींना स्पष्ट मनाई हवी. चाचणीचा उद्देश, जागा, मुदत, उरलेला नमुना नष्ट केल्याचं पत्र आणि आकडेवारी तुम्हाला देण्याची अट असू द्या. पेटंट म्हणजे विक्रीचा परवाना नव्हे, हेही लक्षात ठेवा. कीडनाशक कायद्याखालची नोंदणी कंपनीला वेगळी करावी लागेल.

परदेशी सहकारी तुमचा अर्ज तिकडे आधी करतो म्हणाला तर नकार द्या. भारतात राहणाऱ्याने इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, किंवा फॉर्म २५ने आधी परवानगी घ्यायची. न घेतल्यास इथला अर्ज सोडून दिलेला धरतात आणि शिक्षेची तरतूदही आहे. पीएच.डी.च्या सादरीकरणाला बाहेरचे लोक बसणार असतील आणि तोवर अर्ज झालेला नसेल तर हजेरीपटाच्या वर गोपनीयतेची ओळ छापून सह्या घ्या. प्रबंध पुढे शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर जाणारच आहे. त्याआधी कम्प्लीट अर्ज झालेला असू द्या.

शेवटची तारीख भिंतीवर लिहून ठेवा: प्रोव्हिजनलपासून १२ महिने. त्या दिवसापर्यंत कम्प्लीट अर्ज, आणि परदेशात जायचं असेल तर पीसीटी (अनेक देशांसाठीचा एकच आंतरराष्ट्रीय) अर्जही. पीसीटी आणि पुढचे देशोदेशीचे अर्ज लाखोंच्या घरात जातात, तेव्हा नवव्या महिन्यात कंपनीला विचारा की तो खर्च उचलणार का. उचलत नसेल तर भारतापुरतं थांबा. प्रयोग अपुरे राहिले म्हणून कुणी अर्जाची तारीख सहा महिने पुढे ढकलून घेण्याचा सल्ला देईल. कायद्यात तशी सोय आहे. पण तुमचं पोस्टर तोवर झालेलं असेल, आणि तारीख पुढे सरकली की ते पोस्टर तुमच्या अर्जाच्या आधीचं ठरेल. तुमच्यासाठी तो पर्याय परिषदेच्या दिवसापासून बंद आहे, असं धरूनच प्रयोगांचं वेळापत्रक आखा.